फायलीत राहिलेली माणसे

मराठी कथेच्या प्रांतात जी निरनिराळी सोवळी पाळली जातात, त्यांतले सर्वांत कडक सोवळे राजकारणाचे आहे. एखाद्या कथेत दंगलीचा, सत्तांतराचा वा सक्तीच्या स्थलांतराचा उल्लेख आला की आमच्या समीक्षकांच्या भुवया वर चढतात. आणि लेखकाने त्या घटनेचे सालही सांगून टाकले असेल, तर ‘कथा वृत्तपत्राच्या पातळीवर उतरली’ असा शेरा मारून ते मोकळे होतात. याउलट त्याच कथेतला मनुष्य खिडकीशी बसून आपल्या एकटेपणाचे चिंतन करीत असेल, आणि तो एकटा का पडला, त्याच्या गल्लीतली शेजारची चार घरे कोणी व केव्हा रिकामी केली, हे लेखकाने मोठ्या शिताफीने दडवले असेल, तर त्याच कथेला ‘सार्वकालिक’ ही पदवी बहाल होते. हा शिरस्ता इतका अंगवळणी पडला आहे, की त्यात काही चमत्कारिक आहे असेही आता कोणाला वाटत नाही.

प्रस्तुत लेखाचा रोख या सोवळ्यावर तर आहेच. परंतु त्याहून अधिक तो या मासिकाच्या वाचकांवर आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे. महाराष्ट्राबाहेर सरकारी नोकरीत आयुष्य घालविणारा, दर तीन वर्षांनी बदलीचा हुकूम हातात घेऊन नव्या गावी बिऱ्हाड मांडणारा, गणेशोत्सवात नाटक बसविणारा आणि दिवाळी अंकाची टपालात वाट पाहणारा जो आपला वर्ग, त्याच्यावर. या देशात गेल्या पाऊणशे वर्षांत जी जी उलथापालथ झाली, तिच्या अगदी शेजारी, पुष्कळदा तर तिच्याच कागदपत्रांवर सही करीत, मराठी माणूस बसलेला होता. मग त्याच्या भाषेत त्या उलथापालथीची कथा इतकी विरळ का?

प्रथम ‘राजकीय कथा’ या शब्दाचा घोळ निस्तरला पाहिजे. राजकीय उलथापालथीची कथा म्हणजे पुढाऱ्यांची कथा नव्हे, सभांची नव्हे, आणि रक्ताच्या थारोळ्यांचीही नव्हे. राज्य बदलले म्हणजे सामान्य माणसाच्या आयुष्यात नेमके काय बदलते? त्याचा पत्ता बदलतो. त्याच्या जमिनीचा उतारा कोणत्या कचेरीत मिळायचा ती कचेरी बदलते. काल जो फौजदार रामराम घालीत होता तो आज नाव विचारतो. कथा येथे सुरू होते. हे माझे शहाणपण नव्हे. फाळणीनंतरच्या दहा वर्षांत उर्दू आणि हिंदी कथाकारांनी ते लिहून दाखविले आहे. त्या कथा आपल्यापैकी बहुतेकांनी केव्हा ना केव्हा वाचलेल्या असतात, पण वाचताना आपली नजर नको तिकडे जाते, असा माझा दावा आहे.

सादत हसन मंटो यांची ‘टोबा टेकसिंग’ घ्या. ही कथा वेड्यांची म्हणून प्रसिद्ध आहे. वस्तुतः ती दोन सरकारांतील पत्रव्यवहाराची कथा आहे. फाळणीनंतर दोन-तीन वर्षांनी दोन्ही राज्यांना सुचते, की कैद्यांप्रमाणे वेड्यांचीही अदलाबदल झाली पाहिजे. परिषदा होतात, तारीख ठरते, याद्या तयार होतात. यातली कल्पना मंटोंनी पदरची घातलेली नाही. १९५० मध्ये लाहोर आणि अमृतसर यांच्या दरम्यान मनोरुग्णांची अशी देवघेव खरोखरच झाली. पंधरा वर्षे उभाच राहिलेला बिशनसिंग वाघा येथे आणला जातो. तेथे त्याचे नाव नोंदवहीत लिहिण्यासाठी एक अधिकारी बसलेला आहे. बिशनसिंग त्याला आपले गाव कोठे आहे म्हणून विचारतो. अधिकारी हसतो आणि पाकिस्तानात असल्याचे सांगतो. कथेतला सर्वांत भयंकर क्षण मला हा वाटतो. शेवटी दोन तारांच्या कुंपणांमधल्या जमिनीवर बिशनसिंग कोसळतो तो नव्हे. कारण त्या अधिकाऱ्याने काहीही चुकीचे केलेले नाही. त्याने प्रश्नाचे बरोबर उत्तर दिले आहे. तो दुष्ट नाही, लाचखाऊ नाही, कदाचित दुपारपासून उपाशी आहे आणि त्याला यादी संपवायची आहे. आपल्यापैकी कोणीही त्या टेबलाशी असते तर हेच उत्तर दिले असते, आणि बहुधा हसलोही असतो.

कृष्णा सोबती यांची ‘सिक्का बदल गया’ ही कथा याहून अधिक जवळची. १९४८ मध्ये अज्ञेयांच्या ‘प्रतीक’मध्ये ती छापून आली. चिनाबेच्या काठच्या गावातली म्हातारी शाहनी, एवढ्या मोठ्या हवेलीत आणि शेतीवाडीत एकटी उरलेली, त्या दिवशी गाव सोडणार आहे. तिला घेऊन जाण्यासाठी ट्रक आला आहे, आणि ठाणेदार दाऊदखान दारात उभा आहे. याच दाऊदखानाच्या वाग्दत्त वधूला शाहनीने मुखदर्शनाच्या वेळी सोन्याची कर्णफुले घातली होती. आता तो तिला हळूच सुचवितो, की काही सोनेनाणे बरोबर ठेवा. बस्स, इतकेच. हवेली जळत नाही, कोणी कोणाला भोसकत नाही. शेरा नावाचा जो पोरका मुलगा तिने वाढविला, त्याच्या मनात तिच्याविषयी काय शिजत होते ते आपल्याला कळते, पण त्याचाही हात उठत नाही. सगळी उलथापालथ एका ठाणेदाराच्या उभे राहण्यात सामावली आहे: त्याला जे सांगायला पाठविले आहे ते त्याला सांगवत नाही, आणि न सांगून चालणार नाही. तेवीस-चोवीस वर्षांच्या लेखिकेने हा ठाणेदार पाहिला. आपल्यातल्या ज्यांनी स्वतः अशा दारांत उभे राहून नोकरी केली, त्यांना तो कधी कथाविषय वाटला नाही.

राजिंदरसिंग बेदी लाहोरच्या टपालखात्यात कारकून होते. त्यांच्या ‘लाजवंती’मधला सुंदरलाल मोहल्ल्यातल्या समितीचा चिटणीस आहे, पळवून नेलेल्या व परत आलेल्या स्त्रियांना घरात आणि मनात पुन्हा जागा द्या, म्हणून प्रभातफेऱ्या काढतो. मग त्याचीच लाजो परत येते. पूर्वी तो तिला मारीत असे. आता मारीत नाही, तिला ‘देवी’ म्हणतो, आणि तिच्यावर काय गुजरले ते तिला बोलू देत नाही. या कथेमागे राज्यकारभाराचा केवढा पसारा उभा होता हे ध्यानात घ्या. डिसेंबर १९४७ मध्ये दोन्ही सरकारांचा करार झाला, १९४९ मध्ये भारतात अपहृत व्यक्तींच्या परतीचा कायदा झाला, आणि त्या कायद्यान्वये स्त्रीला कोठे राहायचे आहे हे विचारून त्याप्रमाणे वागणे अधिकाऱ्यावर बंधनकारक नव्हते. लोकसभेपूर्वीच्या घटना समितीत त्यावर वादही झाला. त्या वादात, कायद्यात आणि अहवालांत जे आले नाही ते बेदींच्या कथेत आले: परत मिळणे आणि परत येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हेच काम लाहोरला राहून प्रत्यक्ष करणाऱ्या कमळाबेन पटेल यांनी पुढे गुजरातीत ‘मूळ सोतां उखडेलां’ हे पुस्तक लिहिले. ते आठवणींचे पुस्तक आहे, कथा नव्हे. परंतु त्यात लेखिका स्वतःच्या कामाविषयी शंका घेऊ शकते. हा गुण आमच्याकडे दुर्मिळ आहे, आणि त्याविषयी पुढे बोलायचे आहे.

मोहन राकेश यांच्या ‘मलबे का मालिक’चा उल्लेख केल्यावाचून मात्र पुढे जाववत नाही. साडेसात वर्षांनी हॉकीच्या सामन्याच्या निमित्ताने लाहोरची माणसे अमृतसरला येतात. त्यांत म्हातारा गनी आहे, त्याला आपले घर पाहायचे आहे. घराच्या जागी दगडविटांचा ढिगारा आहे. ज्या रख्खा पहिलवानाने त्याच्या मुलाला मारले, त्याच्याशीच तो काही ठाऊक नसल्यामुळे आपुलकीने बोलतो, आणि बोलून निघून जातो. ढिगाऱ्यावर हक्क सांगणारा रख्खा तेथेच राहतो. कथा लिहायला राकेशांना दंगल लागली नाही. दंगलीनंतरची एक दुपार पुरली.

आता आमच्या बाजूची कारणे ऐकू. पहिले कारण कालांतराचे. मोठ्या घटनेवर लिहायला काळाचे अंतर लागते, म्हणतात. डोळ्यांपुढचा धुरळा बसू द्यावा, मग पाहावे. ऐकायला हे भारदस्त वाटते. पण अज्ञेयांची ‘शरणदाता’ १९४७ सालची, सोबतींची कथा १९४८ ची, आणि मंटोंची ‘खोल दो’ही १९४८ चीच. तीपायी ‘नुकूश’ हे मासिक सहा महिने बंद ठेवण्यात आले. या लेखकांच्या डोळ्यांत धुरळा नव्हता काय? चांगलाच होता, स्वतः मंटो जानेवारी १९४८ मध्ये मुंबई सोडून लाहोरला गेलेले होते आणि तेथे त्यांचे चित्त ठिकाणावर नव्हते. धुरळ्यातून जेवढे दिसले तेवढेच त्यांनी लिहिले, म्हणून ते खरे उतरले. कालांतराची वाट पाहणाऱ्यांच्या हाती बहुधा अंतरच लागते; घटना तोवर निसटून गेलेली असते.

दुसरे कारण प्रचाराचे. राजकीय विषय घेतला की कथा प्रचारकी होते, असे म्हणतात. हा धोका खरा आहे, मी तो नाकारीत नाही. कृश्न चंदर यांची ‘पेशावर एक्सप्रेस’ त्याचे ठळक उदाहरण आहे. आगगाडीच आपली हकीकत सांगते. पेशावराहून निघते, एका बाजूच्या स्टेशनांवर हिंदू कापले जातात, दुसऱ्या बाजूच्या स्टेशनांवर मुसलमान, आणि शेवटी ती मुंबईला पोहोचते, धुतली जाते, शेडमध्ये उभी राहते. लेखकाचा हेतू निर्मळ आहे. परंतु कथा जमाखर्चाच्या वहीसारखी झाली आहे. एका पानावर इतके मृत, तर समोरच्या पानावर तितकेच दाखविलेच पाहिजेत, नाही तर बाकी जुळत नाही. असल्या समतोलाने कोणाचेही मन दुखत नाही, आणि म्हणूनच ती कोणाला आतून हलवीत नाही. ‘खोल दो’ पाहा. म्हातारा सिराजुद्दीन निर्वासितांच्या छावणीत आपल्या मुलीचा शोध घेतो आहे. तिच्यावर अत्याचार करणारे शत्रूच्या गोटातले नाहीत. शोधायला निघालेले आपलेच स्वयंसेवक आहेत. मंटोंनी दुसऱ्या बाजूचा हिशेब समोर मांडला नाही; आपल्या बाजूचे पान उघडून ठेवले. प्रचार आणि कथा यांतला भेद राजकारण असण्या-नसण्याचा नाही. लेखक स्वतःच्या माणसांविषयी काय लिहावयास तयार आहे, याचा आहे.

तिसरे कारण सर्वांत लोकप्रिय: हे सारे पंजाबचे आणि बंगालचे दुःख, आपला त्याच्याशी काय संबंध? सव्वा कोटीच्या आसपास माणसे इकडून तिकडे झाली, पण त्यांत मराठी नव्हती, तर मराठी कथेने उसने अश्रू का ढाळावेत? या प्रश्नाला आगगाडीनेच उत्तर दिले होते; ती मुंबईला आली होती. कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी बराकींत सुमारे एक लाख सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि १९४९ मध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले. ठाणे जिल्ह्याच्या मध्यभागी, मराठी वस्तीला खेटून, एक संपूर्ण शहर परक्या दुःखाने वसले. मराठी नवकथा नेमकी याच वर्षांत भरात होती. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर, पु. भा. भावे यांनी कथेचा घाट बदलला, माणसाच्या मनाच्या आडवळणात शिरण्याचे धैर्य तिला दिले. ते ऋण कोण नाकारील? तथापि कल्याणहून निघालेली लोकल मुंबईला येईपर्यंत त्या कथेतला कारकून आपल्या उबगाचा विचार करीत राहिला, आणि समोरच्या बाकावर पापडांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेला मनुष्य कोण, हे त्याने क्वचितच विचारले. फाळणी पाहिली ती शाहिराने. अण्णा भाऊ साठे यांनी पंजाब-दिल्लीच्या दंग्यावर पोवाडा रचला. शाहिराला जे दिसले ते कथाकाराला दिसू नये, याचे कारण कथेच्या घाटात नाही, कथाकाराच्या घरात आहे.

आणि संबंधाचाच प्रश्न असेल तर आपल्या घरच्या घटना घ्या. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली आणि पुढल्या काही दिवसांत पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. या जाळपोळीवरची माडगूळकरांची ‘वावटळ’ ही कादंबरी १९६४ मध्ये आली, म्हणजे सोळा वर्षांनी. मराठीत या विषयावरचे ते सर्वांत संयमी लेखन आहे, असे माझे मत आहे. परंतु घर जळालेल्या मुलाची कथा एकदा लिहून झाली. ज्याने काडी लावली, तो ज्या घरी ताक मागायला जात असे त्याच घराला का लावली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर त्याने कोणाशी काय बोलणे केले, ही कथा अजून लिहावयाची आहे. ती लिहायला सूडही नको आणि क्षमाही नको. नुसते कुतूहल पुरे.

हैदराबादचे प्रकरण तर आपल्या वर्गाला अधिक लागू पडते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सैन्य निजामाच्या राज्यात शिरले, १७ तारखेला कारवाई संपली. तोवर रझाकारांनी मराठवाड्यात जे केले त्याच्या हकीकती मराठीत पुष्कळ आहेत आणि त्या असल्याच पाहिजेत. परंतु १७ सप्टेंबरनंतरचे आठवडे? केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली सद्भावना समिती पाठविली. उस्मानाबाद, नांदेड, गुलबर्गा आणि बिदर या चार जिल्ह्यांत सर्वाधिक हानी झाल्याचे तिने लिहिले. संस्थानभरात मारल्या गेलेल्यांची संख्या तिच्या अंदाजाप्रमाणे सत्तावीस ते चाळीस हजारांच्या दरम्यान होती, आणि त्यांत बहुसंख्य मुसलमान होते. तो अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. दिल्लीत अभ्यासकांना तो पाहावयास मिळू लागला तो अगदी अलीकडे, २०१३ च्या सुमारास. या काळात कारभाराची घडी बसविण्यासाठी मुंबई आणि मध्यप्रांतातून अधिकारी पाठविण्यात आले होते. मुख्य मुलकी प्रशासक बखले हेच मुळी मुंबई इलाख्यातले आय.सी.एस. अधिकारी होते. म्हणजे त्या जिल्ह्यांतल्या कचेऱ्यांत, त्या महिन्यांत, मराठी बोलणारे मामलेदार आणि कारकून बसलेले होते. त्यांच्यापुढे अर्ज आले असतील, विधवांच्या जबान्या झाल्या असतील, बेवारस गुरांचे लिलाव झाले असतील. अहवाल दडपला गेला, हे एक वेळ समजू शकते. अहवाल सरकारचा असतो. पण कथा तर कोणी दडपली नव्हती. तिची कोणाला आठवणच झाली नाही.

आणीबाणीविषयी थोडक्यात सांगतो. १९७५ च्या कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून जे धैर्य दाखविले त्याचा आपण योग्य अभिमान बाळगतो. परंतु १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, आणि उत्तरेत कित्येक ठिकाणी शाळामास्तरांचा पगार ‘केसेस’ आणल्यावाचून निघेना. पगाराच्या बिलावर सही न करणाराही मनुष्य होता आणि त्या सहीची वाट पाहणारा मास्तरही होता. या दोघांना एकत्र आणणारी मराठी कथा मला दाखवा.

येथे आपले वाचक म्हणतील, की आम्ही नोकर माणसे. सेवानियमांनी आमचे हात बांधलेले. ही सबब वाजवीपेक्षा अधिक वेळा ऐकली आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांतला आठवा नियम उघडून पाहावा. प्रकाशकामार्फत प्रसिद्ध होणाऱ्या निव्वळ वाङ्मयीन स्वरूपाच्या लेखनाला पूर्वपरवानगीची गरज नाही, असे तो स्पष्ट सांगतो. सरकारच्या धोरणावर टीका करू नये हा पुढला नियम आहे, हे खरे; पण सोबतींच्या दाऊदखानाने कोणत्या धोरणावर टीका केली? श्रीलाल शुक्ल उत्तर प्रदेशच्या नागरी सेवेत होते आणि १९६८ मध्ये त्यांनी ‘राग दरबारी’ प्रसिद्ध केली. गोपीनाथ महांती ओरिसाच्या सरकारी सेवेत राहून ‘परजा’ लिहू शकले. बंगालीत तर बंकिमचंद्रांपासून डेप्युटींची परंपराच आहे. आपल्याकडेही विश्वास पाटलांनी महसूल खात्यात असताना धरणग्रस्तांवर ‘झाडाझडती’ लिहिली आणि भारत सासणे यांची कथा त्याच खात्याच्या नोकरीत वाढली. म्हणजे महाराष्ट्रात राहिलेला अधिकारी लिहितो. महाराष्ट्राबाहेर गेलेल्याची लेखणीच तेवढी बांधली जाते, हे कसे?

याचे उत्तर नियमात नाही. आपल्या आठवणींच्या पुस्तकांत आहे. निवृत्तीनंतर आपला वर्ग लिहितो, भरपूर लिहितो. त्या पुस्तकांचा साचा ठरलेला असतो. अमुक जिल्ह्यात दंगल उसळली, मी मध्यरात्री जीपने निघालो, जमावापुढे एकटा उभा राहिलो, दोन शब्द बोललो आणि जमाव पांगला. प्रत्येक प्रकरणात लेखक वेळेवर पोहोचतो. जो वेळेवर पोहोचला नाही असा एकही अधिकारी मराठी आत्मचरित्रांत मला भेटलेला नाही, आणि तरीही या देशात इतकी माणसे कशी मेली, हे कोडे सुटत नाही. त्या जमावातल्या माणसाला नाव नसते. ज्या घराचे रक्षण झाले त्या घरातली बाई पुढे कोठे गेली हे लेखकाला ठाऊक नसते, कारण तोवर त्याची बदली झालेली असते. कथेला जे हवे ते नेमके या बदलीनंतर घडते.

म्हणून माझा आग्रह नुसता ‘लिहा’ एवढाच नाही. तारणहाराची भूमिका सोडून लिहा, असा आहे. अधिकाऱ्याला ज्यांचे दुःख दिसते ती माणसे त्याच्या अधिकाराखाली असतात. ती त्याच्यापुढे हात जोडून बोलतात, खरे ते सगळे बोलत नाहीत. त्यांच्या वतीने कैवार घेऊन लिहिलेली कथा खोटीच उतरायची. पण एक माणूस असा आहे, की ज्याच्याविषयी अधिकारी पूर्ण अधिकाराने लिहू शकतो: टेबलाच्या अलीकडे बसलेला. त्याला काय दिसले, काय दिसले नाही, कोणता कागद त्याने मुद्दाम खाली सारला, संध्याकाळी घरी जाऊन तो जेवला की नाही.

विषयांची वाण आहे, असे तर म्हणूच नका. पूर्व पंजाबात निर्वासित शेतकऱ्यांना जमिनीचे वाटप झाले ते पाहा. मागे टाकलेली जमीन जास्त होती आणि वाटायला मिळालेली कमी. म्हणून तरलोकसिंग यांच्या योजनेप्रमाणे चढती कपात ठरली. दहा प्रमाण एकरांपर्यंत पंचवीस टक्के, आणि वर वर चढत सर्वांत मोठ्या जमीनदाराला पंचाण्णव टक्क्यांपर्यंत. आपली किती जमीन होती हे प्रत्येकाने सांगायचे, आणि ते खरे की खोटे हे त्याच गावाहून आलेल्या इतरांच्या समोर तपासायचे. मोठी अक्कलहुशारीची योजना होती, अन्याय कमीत कमी झाला. पण कल्पना करा: छावणीच्या मैदानात ते गाव, जे आता कोठेच नाही, पुन्हा एकदा भरले आहे, आणि एक मनुष्य आपल्या तेरा एकरांचे सोळा एकर सांगतो आहे, आणि त्याचा शेजारी, ज्याच्या बांधावरून त्यांचे वीस वर्षे भांडण होते, उठून उभा राहतो. तो काय बोलेल? कारकुनाच्या वहीत आकडा येईल, सोळा किंवा तेरा. शेजारी क्षणभर थांबला होता, हे वहीत येणार नाही.

हे सारे जुने झाले म्हणणाऱ्यांसाठी एक अलीकडचे. आसामात राष्ट्रीय नागरिक नोंदवहीची अंतिम यादी ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झाली आणि एकोणीस लाखांहून अधिक अर्जदारांची नावे तिच्यात आली नाहीत. आपण किंवा आपले पूर्वज २४ मार्च १९७१ च्या मध्यरात्रीपूर्वी तेथे होते, हे कागदाने सिद्ध करावयाचे होते. पुरुषाला बापाचे नाव शाळेच्या दाखल्यात, मतदारयादीत, जमिनीच्या कागदात सापडे. लवकर लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या, शाळेत न गेलेल्या बाईपाशी माहेराशी नाते सांगणारा कागद पुष्कळदा एकच असे: ग्रामपंचायतीच्या चिटणीसाने दिलेला दाखला. फेब्रुवारी २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने हे दाखले अग्राह्य ठरविले; डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पडताळणी करून ते घेता येतील, असा निर्णय दिला. मधले सुमारे नऊ महिने लक्षावधी स्त्रिया आपण कोणाच्या मुली आहोत हे सांगू शकत नव्हत्या. म्हणजे सांगू शकत होत्या, पण ते कोणी लिहून घेणार नव्हते. लाजवंतीला निदान नवऱ्याने बोलू दिले नव्हते, येथे नमुन्यात रकानाच नव्हता. आणि पडताळणी म्हणजे काय, तर एका टेबलाशी बसलेल्या मनुष्याने म्हाताऱ्या भावाला समोर उभे करून विचारायचे, की ही तुझी बहीण आहे काय. आणि भावाच्या कागदातले बापाचे नाव एका अक्षराने निराळे असेल, तर काय करायचे ते त्याच दुपारी ठरवायचे. त्या टेबलाशी बसलेल्यांपैकी ज्यांना मराठी लिहिता येते, त्यांनी ती दुपार या मासिकाकडे धाडावी. नावे बदलावीत, जिल्हा बदलावा; चुकलेले अक्षर मात्र बदलू नये.